संथ चित्रपट आणि उतावीळ रसिक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातेपुते येथे आमच्या भगिनीच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. तो इतका क्षुल्लक होता की मासिकाच्या पानांवर आणावा की नाही याचा आम्हांस काही दिवस संकोचच वाटत होता. परंतु पुढे महिन्याभरात वृत्तपत्रांतील दोन परीक्षणांतून आणि आमच्याच महाविद्यालयाच्या अध्यापककक्षातून तोच प्रसंग निराळ्या वेषाने आमच्यासमोर आला. तेव्हा हा एका घरातला पोरखेळ नसून आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाची ती एक पक्की समजूत आहे अशी आमची खात्री झाली, आणि लेखणी उचलल्यावाचून राहवेना.

रात्रीची जेवणे आटोपली होती. घरात तीन पिढ्यांची माणसे जमलेली. आमच्या सूचनेवरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘सामना’ लावण्यात आला. पहिली वीसएक मिनिटे ठीक गेली. मग आमच्या भाच्याचे बोट चाळवू लागले. हा मुलगा अभियांत्रिकीचा पदवीधर, पुण्यास चांगल्या नोकरीवर, स्वभावाने गोड आणि वाचनाचीही थोडीफार आवड असलेला. रिमोट नेमका त्याच्या हाती होता. पडद्यावरील हिंदुराव धोंडे पाटील बोलता बोलता थांबला की चित्र दहा सेकंद पुढे सरके. मास्तर नुसताच पाहत उभा राहिला की आणखी दहा सेकंद. आम्ही ‘अरे, अरे’ म्हणालो, तेव्हा तो हसून म्हणाला, “मामा, गोष्ट चांगली आहे हो, पण फार संथ. त्या मारुती कांबळेचं काय झालं ते एकदा सांगून टाका, म्हणजे आम्ही झोपायला मोकळे!”

सारे हसले, आम्हीही हसलो. अंथरुणावर पडल्यावर मात्र ते हसू ओसरले. ज्या प्रश्नासाठी तो सगळा चित्रपट उभा आहे, ज्या प्रश्नाने एका गावाची झोप उडावी म्हणून एक म्हातारा दारूबाज आपला जीव पणाला लावतो, त्याच प्रश्नाचे उत्तर आमच्या भाच्याला झोपी जाण्यासाठी हवे होते. विनोदाच्या भरात त्याने आपल्या पिढीची, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही पिढीची, सारी रसिकता एका वाक्यात सांगितली होती.

‘संथ’ हे विशेषण अलीकडे आपल्याकडील परीक्षणांत दोष म्हणूनच योजिले जाते. ‘कथा उत्कंठावर्धक, पण गती संथ’, ‘उत्तरार्धात चित्रपट संथ होतो’ अशी वाक्ये वाचून वाचून आमचे डोळे निबर झाले आहेत. हे लिहिणारांस विचारावेसे वाटते की, बाबांनो, हा शब्द मुळात कोणाचा? तो पाण्याचा आहे. आमच्या माळशिरस तालुक्याच्या शिवारांतून नीरेचा उजवा कालवा जातो तो संथ जातो, आणि संथ जातो म्हणूनच उसाच्या मुळाशी पाणी पोचते. पावसाळ्यातला ओढा मोठ्या वेगाने येतो. तो शेताला पाणी देत नाही, बांध फोडून माती घेऊन जातो. उथळ पाण्याच्या खळखळाटाविषयीची म्हण शाळेत सर्वांनीच घोकलेली असते. परंतु चित्रपटगृहात शिरताना ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवण्याचा प्रघात पडला आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही समजतो. ते म्हणतात : कौटुंबिक कथा संथ असावी, संतचरित्र संथ असावे, परंतु जेथे एखाद्या माणसाला पळवून नेले आहे, त्याचा घातपात झाला असावा असा संशय आहे, तेथे तरी कथेने धावले पाहिजे की नाही? रहस्यकथा आणि संथपणा यांचे लग्न कसे लागावे? हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्याची मुळेही जुनी आहेत. गो. ना. दातारशास्त्र्यांच्या कादंबऱ्या कंदिलाच्या उजेडात रात्र जागून वाचणाऱ्यांत आमचे आजोबा होते. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड आम्ही स्वतः भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचलेला आहे. त्या लेखकांची हेटाळणी करून स्वतःस अभिरुचिसंपन्न म्हणवून घेण्याचा आमचा मुळीच मानस नाही. त्यांनी हजारो घरांत वाचनाची गोडी लावली. परंतु त्यांच्या पुस्तकांवरून उत्कंठा म्हणजे धावपळ असा सिद्धांत काढणे म्हणजे जिलबी गोड असते म्हणून सगळे अन्न गोडच असले पाहिजे असा हट्ट धरण्यासारखे आहे.

अपहरण ही वस्तू मुळात वेगवान नाहीच. हरण करण्याची क्रिया तेवढी क्षणाची. पुढचे सारे वाट पाहणे असते. ज्याला नेले तो वाट पाहतो, ज्यांचा नेला ते वाट पाहतात, आणि ज्याने नेले त्यालाही वाट पाहत बसावे लागते. कन्नड चित्रपटसृष्टीतील विख्यात नट राजकुमार यांना वीरप्पनने ३० जुलै २००० रोजी पळवून नेले आणि त्यांची सुटका १०८ दिवसांनी झाली. हे १०८ दिवस एका पळापळीत बसविणारा चित्रपट कितीही वेगवान असो, तो अपहरणाचा चित्रपट नव्हे. तो मोटारींचा चित्रपट होय.

आणि आपल्या आदिकवीने काय केले आहे? आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध अपहरण त्याच्या काव्यात आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढले तेव्हा लोक गाड्या जुंपून ते पाहावयास गेले असतील तर त्याचे श्रेय आधी वाल्मीकीला. रावण सीतेला बारा महिन्यांची मुदत देतो. म्हणजे रहस्यपट लिहिणारे ज्याला आज मोठ्या अभिमानाने घड्याळाची टिकटिक म्हणतात तीही तेथे आहे. मुदत चालू आहे, पत्नी शत्रूच्या ताब्यात आहे, सुग्रीवाशी सख्य झाले आहे, वाली पडला आहे. आता वानरसैन्य धावत सुटावयाचे! त्या ऐन क्षणी वाल्मीकी पावसाळा आणतो आणि प्रस्रवण पर्वतावर रामचंद्राला चार महिने बसवून ठेवतो. इतकेच नव्हे, तर ढग कसे दाटले, मोर कसे नाचले, नद्या कशा फुगल्या याचे सर्गभर वर्णन करतो. आमच्या भाच्याच्या हाती त्या रात्रीचे यंत्र असते तर किष्किंधाकांडातला तो पावसाळा दहा-दहा सेकंदांनी पुढे ढकलला गेला असता आणि हनुमान एकदम लंकेत उतरला असता. परंतु राम म्हणजे काय आणि विरह म्हणजे काय हे त्या चार महिन्यांवाचून कोणास कळले असते?

दुसरे उदाहरण आम्हांस याहूनही मार्मिक वाटते. भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरणाचा श्लोक घेतला आहे. मागे रथ, पुढे जीव घेऊन धावणारा मृग. याहून वेगवान दृश्य संस्कृत नाटकात क्वचितच सापडेल. पाठलागच तो! आता कालिदासाने त्यासाठी वृत्त कोणते निवडले? आखूड, खुडखुडणारे एखादे? नाही. त्याने स्रग्धरा घेतली. चरणाला एकवीस अक्षरे, नेहमीच्या वृत्तांत सर्वांत लांब. वळून पाहणारी मान, आकसलेले मागचे अंग, दमून उघड्या राहिलेल्या तोंडातून वाटेवर सांडणारे अर्धे चावलेले दर्भ, हे सारे डोळे भरून पाहावयास मिळावे म्हणून कवीने धावत्या हरणाला आपल्या लांब चरणांत जणू थांबवून धरले आहे. हरीण धावते, काव्य धावत नाही. आणि म्हणूनच भय त्या हरणाचे राहत नाही, ते आपले होते. विषय वेगवान असणे आणि निवेदन घाईचे असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एका श्लोकावरून शिकविता येते. परीक्षणे लिहिणारांस ते शिकविण्याची सोय मात्र कोठेच नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना येथे डी क्विन्सीचा १८२३ मधील निबंध आठवेल. मॅकबेथने राजाचा खून केल्यावर दारावर थापा पडतात, त्या थापांनी अंगावर काटा का येतो, याचा त्याने शोध घेतला. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, खुनाच्या वेळी नेहमीचे जग थांबलेले असते, काळ जणू गोठलेला असतो, आणि तो थांबला होता हे आपणांस जग पुन्हा चालू झाल्यावरच कळते. जो नाटककार काळ थांबवू शकत नाही त्याच्या थापा म्हणजे नुसता दाराचा आवाज.

आता ‘सामना’कडे वळू. हा चित्रपट १९७४ साली निर्माण झाला. निर्माते रामदास फुटाणे, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेसाठी निवडला गेला. जब्बार पटेल जन्माने पंढरपूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. ज्ञानोबांची पालखी नातेपुत्याला मुक्काम करून ज्या वाटेने पुढे जाते त्या वाटेच्या टोकाचे. चित्रपटात साखर कारखान्याच्या जोरावर सगळा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदुराव आहे; कोठूनसा येऊन पडलेला, दारूने खंगलेला, एके काळी मोठी स्वप्ने पाहिलेला मास्तर आहे; आणि सैन्यातून परत आलेला मारुती कांबळे नावाचा एक माणूस आहे, जो नाही. तो नाही, एवढेच त्याचे कथेतील काम. निळू फुले, डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. मोहन आगाशे यांनी या भूमिका केल्या.

कोणी म्हणेल, ही अपहरणाची कथा कोठे आहे? खंडणी नाही, चिठ्ठी नाही, फोन नाही. आमचे उत्तर असे की, खंडणीसाठी ज्याला पळवावयाचे त्याच्या घरी पैसे असावे लागतात. आमच्या भागात ज्याला नाहीसा करावयाचा तो बहुधा असा असतो की त्याला नेण्यात मिळकत काहीच नसते. त्याच्या असण्याचीच अडचण असते. त्याच्यासाठी कोणी मुदत घालीत नाही. तो एका दिवसापासून नसतो, आणि गाव त्याच्या नसण्याची सवय करून घेते. अपहरणाचा हा अस्सल देशी प्रकार ओळखून त्यावर रहस्यपट रचावा ही तेंडुलकरांची प्रतिभा.

हा चित्रपट वेगवान केला असता तर काय झाले असते ते पाहा. पहिल्या दहा मिनिटांत हिंदुराव दुष्ट आहे हे आपणांस कळले असते, पुढच्या दहांत मास्तर सज्जन आहे हे कळले असते, आणि उरलेला वेळ दोघांची झुंज पाहण्यात सुखाने गेला असता. पण हिंदुराव तसा नाही, हीच तर त्या चित्रपटाची भयानक गोष्ट आहे. तो कर्ता पुरुष आहे. त्याने माळावर पाणी खेळविले, कारखाना उभा केला, हजारोंच्या चुली पेटविल्या. आमच्या तालुक्याला या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. माळीनगरला सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी आणि श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कारखाने काढले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकाराचा पाया घातला आणि त्या वाटेने साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात धुराडी उठली. ज्या जमिनीवर आमच्या पणजोबांनी बाजरीची वाट पाहिली तेथे ऊस उभा राहिला. हे वैभव खोटे नव्हते. ‘सामना’ ते खोटे ठरवीत नाही. तो आपल्याला हिंदुरावाच्या घरी पाहुणा म्हणून ठेवून घेतो. त्याचे जेवण जेवावयास लावतो, त्याची दारू मास्तराच्या घशात आणि त्याचे सौजन्य आपल्या गळी उतरवतो. निळू फुले आवाज चढवीत नाहीत. खालच्या पट्टीत, थांबत थांबत, आर्जवाने बोलतात. त्या थांबण्यात त्या माणसाची सत्ता आहे : दुसऱ्यांनी आपल्या वाक्याच्या शेवटाची वाट पाहत राहावे अशी सवय ज्याला जडली आहे तोच असे बोलतो. आमच्या भाच्याने पुढे ढकललेले ते दहा-दहा सेकंद हे असे होते. त्याने हिंदुरावाचे शब्द तेवढे ऐकले आणि हिंदुराव वगळला.

शिवाय तो प्रश्न. पहिल्यांदा मास्तर विचारतो तेव्हा ती नुसती चौकशी असते. पुन्हा विचारतो तेव्हा दारूबाजाची बडबड वाटते. मग त्याचा त्रास होऊ लागतो. आपल्यालासुद्धा होतो, आणि हे फार महत्त्वाचे आहे. ‘पुरे झाले आता, किती वेळा तेच ते’ असे प्रेक्षकाच्या मनात येते, आणि त्या क्षणी प्रेक्षक हिंदुरावाच्या बाजूला जाऊन बसलेला असतो. मग केव्हातरी त्याच शब्दांना धार येते आणि आपली आपल्यालाच लाज वाटते. शब्द बदललेले नसतात. त्यांच्यावरून वेळ गेलेला असतो. चित्रपटातील हे वाक्य पुढे महाराष्ट्राच्या बोलीत म्हणीसारखे रुळले. संपादकांनी अग्रलेखांत योजिले, कार्यकर्त्यांनी भिंतींवर लिहिले. वेगाने सांगितलेल्या किती रहस्यकथांतील वाक्ये अशी रुजली, ते आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

‘हे सारे पंडितांचे कौतुक, सामान्य माणसाला संथ चित्रपट सोसत नाही,’ असेही एक उत्तर नेहमी तयार असते. सामान्य माणसाच्या नावावर आपला कंटाळा खपविण्याची ही युक्ती जुनी आहे. आम्ही ‘सामना’ प्रथम पाहिला तो शाळकरी वयात, चैत्रातल्या जत्रेच्या दिवसांत, फिरत्या तंबूत. यंत्र एकच, त्यामुळे प्रत्येक रीळ संपले की दिवा लागे, दुसरे रीळ चढेपर्यंत लोक बिड्या ओढीत, पोरे शेंगा खात. मध्ये एकदा फीत तुटली. म्हणजे जो चित्रपट आज शहरातल्या दिवाणखान्यात संथ वाटतो तो आम्ही त्याच्या दीडपट संथ पाहिला. भोवती बसलेले लोक मळ्यातले, कारखान्यातले, बाजारकरू. एकही उठून गेला नाही. हिंदुराव गप्प झाला की तंबूही गप्प होई. कारण तशी गप्प बसणारी माणसे त्या सर्वांनी जवळून पाहिली होती. तंबूतल्या त्या माणसांना सिनेमाचे व्याकरण येत नव्हते. पण वाट पाहणे येत होते, आणि ज्याला वाट पाहता येते त्याला हा चित्रपट कळतो.

परदेशी उदाहरणे दिली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षितांना विषय पटतो, म्हणून दोन-तीन देतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावा याचा १९६३ मधील अपहरणपट, इंग्रजीत ‘हाय अँड लो’ या नावाने ओळखला जाणारा. त्याचा जवळजवळ अर्धा भाग एका घरातल्या एका दिवाणखान्यात घडतो. चोरट्याने धनिकाच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या मोटारचालकाचा मुलगा नेलेला आहे. आता दुसऱ्याच्या मुलासाठी आपले सर्वस्व द्यावे काय, या एका प्रश्नावर माणसे उभी राहतात, बसतात, पडदे ओढतात. चालक बिचारा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. त्याचे ते उभे राहणे दहा सेकंदांनी कमी केले तर चित्रपटच उरत नाही. इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनी याच्या ‘लाव्हेंतुरा’मध्ये एका बेटावर एक तरुणी नाहीशी होते आणि शेवटपर्यंत सापडत नाही. १९६० साली कान येथे प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. त्याच महोत्सवात परीक्षकांनी त्याला पारितोषिक दिले. आमच्या भाच्याला युरोपातही पुष्कळ नातेवाईक आहेत हे यावरून दिसेल.

तिसरे उदाहरण थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. जॉर्ज स्लाउझर याने १९८८ साली ‘स्पोरलोस’ नावाचा डच चित्रपट काढला. प्रवासात पेट्रोलपंपाशी थांबले असता एका तरुणाची मैत्रीण नाहीशी होते. दिग्दर्शक लवकरच आपल्याला चोर दाखवून टाकतो. तो एक सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहे. व्यवसायाने, सांगावयास लाज वाटते, अध्यापक. बेशुद्ध करण्याचे औषध किती वेळ टिकते हे तो घड्याळ लावून स्वतःवर पाहतो, मोटारीत कोणाला कसे बसवावे याची एकटाच तालीम करतो. सारे शांतपणे, गृहपाठ तपासावा तसे. शेवट आम्ही सांगत नाही. त्याच दिग्दर्शकाने पुढे १९९३ साली अमेरिकेत तोच चित्रपट पुन्हा काढला आणि त्याला सुखान्त जोडला. दोन्ही पाहणाऱ्याला प्रेक्षकशरणता म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. संथपणाच्या नावाखाली आळसही विकला जातो. भिंतीवरची पाल दोन मिनिटे दाखविली म्हणजे कला झाली अशा समजुतीचे दिग्दर्शक आपल्याकडे आहेत, आणि त्यांचे चित्रपट महोत्सवात पाहताना आम्हीही घड्याळाकडे पाहिलेले आहे. ज्या थांबण्यात काही साचत नाही ते थांबणे व्यर्थच. पण नकली नाणे बाजारात आहे म्हणून कोणी खरी नाणी गटारात फेकीत नाही.

असो. हा वाद केवळ रसिकतेचा असता तर आम्ही एवढा आवाज चढविला नसता. आमच्या भागात माणसे उचलून नेणे ही काही पडद्यावरचीच गोष्ट नाही. सरपंचाची वा सभापतीची निवड आली की सदस्य ‘सहलीला’ जातात. कोठे गेले ते घरच्यांना ठाऊक नसते, आणि परत आल्यावर कोणी विचारीतही नाही. हा आता करमणुकीचा विषय झाला आहे. त्याहून मोठ्या सभागृहांविषयी येथे न बोललेले बरे. परंतु ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना रस्त्यावरून उचलून नेण्यात आले आणि हाल करून त्यांचा खून करण्यात आला, ही करमणूक नव्हती. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आम्ही बोलतो ते आमच्या पाहण्याविषयी. पुढे मार्च २०२५ मध्ये त्या क्रौर्याची छायाचित्रे साऱ्या महाराष्ट्राच्या हातातल्या फोनवर आली. आमच्या घरातील माणसांनीही ती पाहिली. हळहळली. आणि अंगठ्याने वर सरकविली. त्याखाली पाककृती होती. त्याच सुमारास त्या गावचे लोक आणि त्या सरपंचाचे कुटुंबीय मात्र एकच प्रश्न महिनोन् महिने धरून बसले होते. मोर्चे झाले, उपोषणे झाली. त्यांच्या वाट पाहण्याचा कोणी चित्रपट काढलाच तर तो संथच होईल, आणि आमची परीक्षणे त्याला गतीबद्दल गुण कापतील.

आता जे सांगावयाचे ते आम्ही आजवर कोठे लिहिलेले नाही. आमचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्या तंबूतल्या खेळाच्या वर्ष-दीड वर्ष आधीची गोष्ट. जवळच्या एका वाडीत एका मोठ्या बागाइतदाराकडे एक सालगडी होता. उसाच्या हंगामात एके रात्री तो मळ्यावरून नाहीसा झाला. मालकाने सांगितले, उचल बुडवून पळाला. हे कारण इतके नेहमीचे होते की गावाला ते पुरले. त्याची बायको मात्र आमच्या घरी आली. ओसरीच्या पायरीवर बसली, वर यावयास तयार होईना. म्हणाली, “गुर्जी, त्यो पळाला आसता तर बैलान्ला वैरन टाकून गेला नसता.” वडिलांनी तिच्या नावाने अर्ज लिहिला. तिचा अंगठा घेतला. तो अर्ज टपालात टाकावयास आम्हांसच पाठविले होते. पाकिटाचा डिंक नीट लागला नव्हता म्हणून आम्ही तो वाटेत जिभेने पुन्हा ओला केल्याचे स्मरते. उत्तर आले नाही. ती आणखी दोनदा आली. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा तो बागाइतदार शाळेच्या नव्या खोलीसाठी पत्रे देऊन गेला होता. वडिलांनी तिला सांगितले, येईल हो, वाट पाहा.

पुढच्या चैत्रात आम्ही तंबूतून ‘सामना’ पाहून निघालो तेव्हा रात्रीचा एक वाजला असावा. नातेपुत्याच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग होती आणि पुढच्या गाड्यांतली पोरे त्या मारुती कांबळेचे नाव घेऊन ओरडत चालली होती. आम्हीही ओरडलो. वडिलांनी आम्हांस गप्प केले नाही आणि स्वतः घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यावेळी आम्हांस वाटले, त्यांना चित्रपट आवडला नाही.

दिवाळीतल्या त्या रात्री भाच्याला हे सांगावे असे मनात आले होते, पण सांगितले नाही. सकाळी चहाच्या वेळी भगिनीने आपण होऊन तो विषय काढला. ती आमच्याहून चार वर्षांनी लहान. पण ती बाई पायरीवर बसत असे हे तिलाही आठवत होते. “दादा, त्याचं नाव काय होतं रे?” तिने विचारले. नाव आम्हांस आठवले. आडनाव आठवेना, तिलाही आठवेना. भाचा कप हातात घेऊन ऐकत होता. रिमोट त्याच्या शेजारी पडला होता.